बांधणाऱ्याचं नाव

डेल्बर्ट हॅस्किन्सने अंगठ्याने बटण दाबलं आणि त्याच्या वाळूत चालवायच्या बग्गीच्या नाकाडाकडून शेळीने ओरडावं तसा एक केविलवाणा आवाज निघाला.

"हा हॉर्न आहे?" गाडीखालून प्रश्न आला.

"वाजला ना?"

"वाजला. नियमात एवढंच आहे म्हणून बरं. आता ब्रेक दाबून धरा."

डेल्बर्टने ब्रेक दाबून धरला. चाकं लावलेल्या फळीवर उताणी झोपून तपासनीस बाई बग्गीखालून सरकत मागच्या बाजूला निघाली. इनेझ किहादा तिचं नाव. पन्नाशीची, आखूड केसांची, खिशात टॉर्च आणि लांब दांडीचा छोटा आरसा. मागचा लाल दिवा लागलेला पाहून तिने हातातल्या कागदावर खूण केली.

ॲरिझोनातल्या वाहन कार्यालयाच्या मागे ही पत्र्याची शेड होती. मार्च महिना होता, सकाळचे नऊ वाजले होते, आणि वरचा पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. शेडच्या दाराशी डेल्बर्टची मुलगी जोलीन कॉफीचा कागदी पेला घेऊन उभी होती. कामावर रजा टाकून तिनेच बग्गी ट्रेलरवर चढवून आणली होती. तिचा नवरा येतो म्हणाला होता, पण तिने त्याला येऊ दिलं नाही.

बग्गी म्हणजे नुसता नळ्यांचा सांगाडा. दोन सीट, चार चाकं, मागे उघडंवाघडं बीटल गाडीचं इंजिन. दार नाही, छप्पर नाही, लाज झाकायला पत्रासुद्धा नाही. कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांवर ती पस्तीस वर्षं धावली. तिथे तिच्या अंगावर एक हिरवं स्टिकर होतं, आणि त्याचा अर्थ सरळ होता: वाळूत हवी तेवढी हुंदड, डांबरावर चाक टेकवू नकोस. तिनेही कधी टेकवलं नाही. पण ऑक्टोबरात त्याची बायको रोवेना गेली, घर विकलं गेलं, आणि डेल्बर्ट तिचे कप, स्वतःची खुर्ची आणि ही बग्गी घेऊन शेजारच्या राज्यात मुलीकडे राहायला आला.

जोलीनच्या कॉलनीच्या कमिटीला खुर्चीचं काही वाटलं नाही. बग्गीबद्दल मात्र पत्र आलं. रस्त्याची नंबर प्लेट नसलेलं वाहन कोणाच्याही दारात उभं राहणार नाही. मुदत शुक्रवारपर्यंत. ज्या कमिटीने गेल्या वर्षी शेजारणीच्या पोस्टाच्या पेटीचा रंग चुकला म्हणून तिला तीन पत्रं पाठवली, ती कमिटी बोलल्याप्रमाणे करणार यात शंका नव्हती. गॅरेजमध्ये जागा नव्हती. फिनिक्सचा एक माणूस फोटो बघून बग्गी घ्यायला तयार झाला होता. शनिवारी येतो म्हणाला होता. इंजिन चांगलं आहे, ते ठेवतो, सांगाडा कापून भंगारात देतो, असं त्याने फोनवर मनमोकळेपणाने सांगितलं होतं. डेल्बर्टने फोन ठेवला आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

आज बुधवार होता.

"आरसा," बाई म्हणाली. तिने डावीकडच्या आरशाला बोट लावलं. आरसा मान टाकल्यासारखा खाली झुकला. तिने तो वर केला. तो पुन्हा झुकला.

"घट्ट करतो," डेल्बर्ट म्हणाला. "मागच्या आठवड्यातच बसवला."

"तुम्ही बसवला?"

"आरसे, हॉर्न, मागच्या प्लेटवरचा दिवा, सगळं मीच."

"दिसतंय," ती म्हणाली. प्लेटच्या दिव्याची वायर डेल्बर्टने जागोजागी चिकटपट्टी गुंडाळून आणली होती, आणि एका ठिकाणी चिकटपट्टी संपल्यावर ब्रेडच्या पिशवीचं तोंड बांधायची तार वापरली होती. तिने ती तार बोटाने उडवली. "पडणार नाही?"

"मी चालवीन तोवर नाही."

दाराशी जोलीनने कॉफीचा घोट घेतला. हसू लपवायचं असलं की ती नेहमी घोट घ्यायची, आईसारखीच.

इनेझ किहादा मात्र हसत नव्हती. तिचं लक्ष वायरवरून उडून सांगाड्याकडे गेलं होतं. दोन नळ्या जिथे तिसरीला भेटत होत्या त्या सांध्यावर तिने टॉर्च धरला, मग पुढच्या सांध्यावर, मग त्याच्या पुढच्या. तपासणीच्या कागदावर सांध्यांसाठी एकच चौकोन होता आणि त्यात खूण करायला अर्धं मिनिट पुरतं. ती दहा मिनिटं बघत राहिली. वेल्डिंगचे टाके एकासारखे एक होते, खवल्यावर खवला, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही, कुठे घाईत ओघळलेला थेंब नाही. जिथे कोणाची नजर जाणार नाही, तिथेसुद्धा नाही. उलट तिथे जास्तच नीटनेटकं होतं.

"मी सतरा वर्षं गोदीत जहाजं जोडली," ती म्हणाली. डेल्बर्टला सांगत होती की सांगाड्याला, कळत नव्हतं. "सॅन दिएगोला. आमच्यात असं काम करणारे दोघं होते. त्यातला एक तर फक्त स्वतःच्या मूडवर करायचा."

"लोक थांबून बघायचे," डेल्बर्ट म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप आलं. तीस-पस्तीस वर्षांत ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याला जिभेचे कष्ट पडत नव्हते. "दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आमचा तळ पडायचा वाळूत. शंभर-शंभर गाड्या. माणसं आपली लाखाची गाडी सोडून आमच्याकडे यायची."

"येणारच." तिने टॉर्च सीटच्या मागच्या कोपऱ्यात धरला. तिथे चार नळ्या एकत्र येत होत्या आणि हात जाईल एवढीच फट होती. तिने उजव्या हाताने हवेत वेल्डिंगचा हात करून पाहिला. कोपर उभ्या नळीवर आपटलं. तिने हात बदलला. डावा हात अलगद आत गेला.

आतल्या टेबलावरून एक फॉर्म आणून तिने डेल्बर्टला दिला आणि सोबत पेन दिलं.

"घरी बांधलेली गाडी आहे, कारखान्याचा नंबर नाही. म्हणजे राज्य नंबर देणार आणि मी तो सांगाड्यावर ठोकणार. त्याआधी बांधणाऱ्याचं निवेदन लागतं. वर बांधणाऱ्याचं नाव, खाली शपथेवर सही. मी बांधली, माल माझा होता, चोरीची नाही, एवढंच."

"एवढंच," डेल्बर्ट म्हणाला.

त्याने फॉर्म बग्गीच्या पुढच्या नळीवर टेकवला आणि पेन उघडलं. पेन उजव्या हातात होतं. बाईने ते पाहिलं आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

बांधणाऱ्याचं नाव. पुढे रिकामी रेघ.

खरं तर त्यात काही अवघड नव्हतं. पहिल्याच थँक्सगिव्हिंगला, दुपारी वाळूत एका अनोळखी माणसाने विचारलं होतं, काय झकास गाडी आहे, तुम्ही बांधलीत का? आणि डेल्बर्ट उन्हाने दमलेला होता, समोरचा माणूस कौतुकाने बघत होता, आणि तो हो म्हणून गेला. चार हातांवर रोवेना तव्यात बेकन परतत होती. तिने ऐकलं. डेल्बर्टला दिसलं की तिने ऐकलं. तिने बेकन उलटलं आणि अंडी फोडायला घेतली. त्यानंतर आणखी एकाने विचारलं, मग आणखी एकाने, आणि एकदा हो म्हटल्यावर मागे फिरायला वाट कुठे असते? डेल्बर्ट फरशा विकायचा, बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सांधे कसे बसवले, नळ्या कशा वाकवल्या, सगळं तो रंगवून सांगायचा. सांगताना चुकलं तर रोवेना जाता जाता हळूच दुरुस्त करायची, जणू नवऱ्यानेच तिला कधीतरी सांगितलं होतं.

रोवेना कालव्याच्या वर्कशॉपमध्ये पाण्याची दारं जोडायची. सात माणसांत एकटी बाई. घरी येऊन जेवण झालं की गॅरेजमध्ये जायची आणि डोळ्यांवर वेल्डिंगची काच ओढायची. चौदा महिने ती हा सांगाडा जोडत होती आणि डेल्बर्ट दाराशी खुर्ची टाकून तिला दिवसभरात कोण गिऱ्हाईक काय म्हणालं ते सांगत बसायचा. बग्गी बांधण्यातला त्याचा वाटा तेवढाच. पस्तीस वर्षं त्याला एक गोष्ट कळली नव्हती: ती रागावून गप्प बसली होती, की माफ करून? विचारायचं धाडस झालं नाही, आणि ऑक्टोबरात विचारायची सोयही राहिली नाही.

त्याने 'डे' लिहिलं आणि तो थांबला.

"त्या मागच्या कोपऱ्यात," इनेझ किहादा अजूनही दुसरीकडेच बघत म्हणाली, "हात कसा घातलात हो?"

"कुठल्या?"

"सीटच्या मागे. उजवा हात जात नाही तिथे. मी करून पाहिलं."

"असं जरा वाकडा करून..." डेल्बर्ट म्हणाला. त्याने हात वाकडा करून दाखवला. तो हात हवेतच राहिला.

"फॉर्म तुमच्या हातात आहे," ती शांतपणे म्हणाली. "मी गाड्या तपासते. माणसं तपासायचा पगार मला मिळत नाही."

म्हणजे सही केली असती तर चाललं असतं. दुपारपर्यंत प्लेट मिळाली असती, शनिवारी फिनिक्सच्या माणसाला नको म्हणता आलं असतं, बग्गी वाचली असती. आणि वर सरकारी कागदावर, शपथेवर, कायमचं लिहिलं गेलं असतं की ही डेल्बर्ट हॅस्किन्सने बांधली. वाळूत बोललेलं वाऱ्यावर गेलं होतं. कागद कुठे जाणार नव्हता.

त्याने पेनचं टोपण लावलं.

"मी नाही बांधली," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. काहीतरी होईल असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. पंखा फिरत होता. फक्त दाराशी टेकलेली जोलीन सरळ उभी राहिली.

"मला ह्यातला एक नटसुद्धा धड आवळता येत नाही. आरसा बघितलात ना? ते माझं काम. बाकी सगळं माझ्या बायकोचं. रोवेनाचं. डावखुरी होती ती."

"वाटलंच मला," इनेझ किहादा म्हणाली. "त्यांना घेऊन या मग. सहीला दोन मिनिटं लागतात."

"ऑक्टोबरात गेली."

तिने टॉर्च बंद करून खिशात ठेवला. "वाईट वाटलं ऐकून. अशा हाताला एकदा भेटायला आवडलं असतं मला."

"तिलाही तुम्ही आवडला असता. तुम्ही कोपऱ्यात बघितलंत. कोणी बघत नाही कोपऱ्यात."

मग बाईने गळ्यातला चष्मा नाकावर चढवला आणि कामाच्या आवाजात म्हणाली, "अडचण अशी आहे. बांधणारी हयात नाही, निवेदन नाही. तिने बांधली याचा काहीतरी पुरावा लागेल, नाहीतर फाइल राजधानीला जाणार. तीन महिने, चार महिने, सांगता येत नाही."

"डॅड, शुक्रवार," जोलीन दारातून म्हणाली.

"माहीत आहे मला, जो."

"मग?"

"मग काय. खोटं लिहून वाचवली तर कोणाची गाडी वाचवली मी? त्या फिनिक्सवाल्याला सांग, शनिवारी ये म्हणून." त्याने फॉर्म तपासनीस बाईपुढे धरला. "फाडा तो फॉर्म, मॅडम. 'डे' लिहून ठेवलंय मी त्यावर."

जोलीन दारातून आत आली. तिने पेला जमिनीवर ठेवला, आणि इतका वेळ जी गोष्ट ओठांशी अडवून धरली होती ती सांगू की नको अशा चेहऱ्याने तपासनीस बाईकडे वळली.

"नंबर ठोकायचाच झाला तर कुठे ठोकाल?"

"सीटखालच्या आडव्या नळीवर. तिथेच ठोकतात."

"मग ती जागा बघून ठेवा ना," जोलीन म्हणाली. "आलोच आहोत तर."

इनेझ किहादाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पाना आणला. चार बोल्ट निघाले, ड्रायव्हरची सीट बाजूला झाली, आणि खाली पस्तीस वर्षांची वाळू, एक मोडका कंगवा आणि शेंगदाण्यांची टरफलं निघाली. बाईने फडक्याने नळीचा वरचा भाग पुसला. तिथे काही नव्हतं. तिने खालून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. तिने टॉर्च काढला, दांडीचा आरसा नळीखाली सरकवला, वाचलं, आणि मोठ्याने हसली. त्या सकाळी ती पहिल्यांदाच हसली.

"मिस्टर हॅस्किन्स, इकडे या. गुडघे टेकता येतील?"

"टेकता येतील. उठता येईल असं नाही."

"उठवू आम्ही."

तो खाली बसला. आरसा उलटं दाखवत होता म्हणून तिने त्याला मान वाकडी करून थेट नळीखाली बघायला लावलं. काळ्या रंगाखाली अक्षरं होती, ठोकळ्यावर हातोडी मारून पोलादात उठवलेली, एका ओळीत, एका उंचीची. टाक्यांइतकीच नीटनेटकी.

रोवेना एम. हॅस्किन्सने बांधली. डेल्बर्टने मिरवली. २७ नोव्हेंबर १९८८.

त्याने ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचता येईना, कारण डोळे भरले होते. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारनंतरचा रविवार. वाळूतून घरी परतलेला दिवस. म्हणजे त्याने पहिल्यांदा हो म्हटलं त्याला तीन दिवससुद्धा झाले नव्हते. आणि तेव्हापासून तो प्रत्येक वेळी बरोब्बर ह्याच ओळीवर बूड टेकवून बसत होता, पोरासोरांना, शेजाऱ्यांना, लाखाच्या गाड्यांच्या मालकांना तिच्या कामाच्या कथा सांगत होता, आणि शेजारच्या सीटवर बसलेली ती मजेत समोर बघत होती. रागावली नव्हती. माफही केलं नव्हतं. हसत होती. पस्तीस वर्षं त्याला हसत होती.

"कमाल बाई!" डेल्बर्ट म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि नाक गळत होतं. "कमाल बाई होती!"

"अक्षरांचे ठोकळे मी देत होते," जोलीन म्हणाली.

"तू?"

"अकरा वर्षांची होते मी. तू आत टीव्हीसमोर झोपला होतास. ममाने माझ्याकडून शपथ घेतली, सांगायचं नाही. म्हणाली, ज्या दिवशी तुझा बाप स्वतः सीट काढून खालची वाळू साफ करेल, त्या दिवशी त्याला कळेल."

डेल्बर्टने शेंगदाण्यांच्या टरफलांकडे पाहिलं.

"आशा सोडून दिली होती आम्ही," जोलीन म्हणाली.

"आणि आज सकाळी? मी सही केली असती तर?"

"मी काही बोलले नसते, डॅड." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण रजा टाकून आले होते बघायला."

इनेझ किहादा एव्हाना नळीखाली फोन धरून फोटो काढत होती. मग ती कोरा फॉर्म घेऊन आली, नळीवर टेकवून स्वतःच्या हाताने भरायला लागली. बांधणाऱ्याचं नाव: रोवेना एम. हॅस्किन्स. सध्याचा मालक: डेल्बर्ट हॅस्किन्स, पती. पुरावा: सांगाड्यावर बांधणाऱ्याने उठवलेलं नाव व तारीख, फोटो सोबत, सुस्थितीत.

"चालेल हे?" डेल्बर्टने विचारलं.

"बांधणाऱ्याची सही पाहिजे असं लिहिलंय. कागदावरच पाहिजे असं कुठे लिहिलेलं मला तरी आठवत नाही." तिने पेन पुढे केलं. "तुम्ही इथे, मालकाच्या रेघेवर. आणि आरसा घट्ट केल्याशिवाय गाडी शेडबाहेर न्यायची नाही. द्या तो पाना, मीच करते. तुमच्यावर सोडलं तर संध्याकाळ होईल."

राज्याचा नंबर तिने नळीच्या वरच्या बाजूला ठोकला, खालच्या ओळीला धक्का न लावता. दुपारी साडेबारा वाजता बग्गीच्या मागे प्लेट लागली. सीट बसवण्याआधी डेल्बर्टने सगळी वाळू हाताने काढली. रोवेनाचा कंगवा मात्र त्याने रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

"ट्रेलरवर चढवू?" जोलीनने विचारलं.

"प्लेट कशाला घेतली मग?"

तो डांबरावर आला. पस्तीस वर्षांत बग्गी पहिल्यांदाच रस्त्यावर आली होती आणि मोठमोठ्या गाड्यांच्या मधोमध ती लाजेचा लवलेशही न दाखवता निघाली होती. मागे पिकअप घेऊन जोलीन होती. पहिल्याच सिग्नलला तांबडा दिवा लागला. डेल्बर्टने ब्रेक दाबला. शेजारच्या रांगेत एक पांढरा ट्रक येऊन थांबला, त्याची काच खाली झाली, आणि टोपी घातलेला एक माणूस अर्धा बाहेर वाकला.

"काय झकास गाडी आहे!" तो म्हणाला. "तुम्ही बांधलीत?"

शब्द जिभेवर तयारच होता. डेल्बर्टने तो गिळला.

"बांधली बायकोने," तो म्हणाला. "मी नुसती मिरवतो."

इंजिनच्या आवाजात त्या माणसाला ऐकू गेलं नाही. त्याने कानामागे हात धरला. सिग्नल हिरवा झाला होता, मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या होत्या, पण डेल्बर्ट हॅस्किन्सने सीटवरून अर्धं उठून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते पुन्हा सांगितलं.